कंबरदुखी : साधी उसण कोणती, धोक्याची खूण कोणती?

कंबर कधीच दुखली नाही, असे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस शोधून सापडणार नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या वर जाईल असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला लागतो.

डोंबिवलीत व्यवसाय करताना मला या दुखण्याचे रुग्ण रोज भेटतात. त्यांच्याकडून दोन तऱ्हेच्या चुका होताना दिसतात. ज्या दुखण्यात हिंडत-फिरत राहायला हवे, त्यात माणूस महिनाभर अंथरूण धरतो. आणि ज्या दुखण्यात त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा, त्यात तो तेल लावत, शेक घेत, पट्टा बांधत महिनोन्‌महिने घालवतो. पहिल्या चुकीने रोजगार बुडतो, दुसरीने कधी कधी पाय जातात. या दोन दुखण्यांतला फरक घरच्या घरी कसा ओळखावा आणि मुळात कंबर दुखू नये म्हणून काय करावे, हे आजच्या लेखात पाहू.

कण्याची रचना

आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची माळ आहे. मानेत ७, छातीमागे १२ आणि कमरेत ५ असे २४ मणके सुटे हलतात. त्याखाली माकडहाडापर्यंतचे मणके एकमेकांना जुळून गेलेले असतात. मणक्यांच्या मधोमध गाद्या असतात. डॉक्टर त्यांना डिस्क म्हणतात. अशा गाद्या एकूण २३. प्रत्येक गादीचा मधला भाग मऊ, बुळबुळीत असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंची कडी असते. मणक्यांच्या मागच्या बाजूने जो बोगदा तयार होतो, त्यातून मज्जारज्जू आणि पायांकडे जाणाऱ्या नसा उतरतात.

या गादीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्या पोहोचत नाहीत. दाब पडला की तिच्यातले पाणी बाहेर जाते, दाब सुटला की ती स्पंजासारखे पाणी आत ओढते, आणि आजूबाजूच्या हाडांतून झिरपणाऱ्या द्रवातून तिचे पोषण होते. म्हणून हालचाल हा कण्याचा आहार आहे. एका जागी तासन्‌तास बसणे किंवा दिवसच्या दिवस पडून राहणे, दोन्ही त्याला मानवत नाही.

उसण भरते म्हणजे काय होते?

वाकून बादली उचलली, जोराची शिंक आली किंवा गाडीतल्या रॅकवरची बॅग काढली आणि पाठीत एकदम चमक निघाली. माणूस वाकला तो वाकलाच. यालाच आपल्याकडे उसण भरणे म्हणतात. स्नायूंना, मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांना किंवा मागच्या लहान सांध्यांना ताण बसतो आणि त्या जागेला सांभाळण्यासाठी आसपासचे स्नायू आखडतात. वेदना अशी असते की कूस बदलताना डोळ्यांत पाणी येते. परंतु वेदना फार म्हणजे इजाही फार, असा हिशेब कंबरेच्या बाबतीत लागू पडत नाही. दहापैकी नऊ रुग्णांच्या कंबरदुखीमागे गंभीर आजार नसतो. बहुतेकांना तीन-चार दिवसांत उतार पडू लागतो आणि सहा आठवड्यांच्या आत ते कामधंद्याला लागतात.

उसण भरली की पायाळू माणसाकडून, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाकडून, पाठीला पाय लावून घेण्याची पद्धत गावोगाव आहे. गुण आला असे लोक शपथेवर सांगतात. त्यात ते खोटे बोलत नाहीत. मात्र पाय लावला नसता तरी उसण त्याच तीन-चार दिवसांत उतरली असती, हे कोणी ध्यानात घेत नाही. तरण्याताठ्या माणसाला हलकेच पाय लावला तर फारसे बिघडत नाही. साठीपुढच्या बाईच्या ठिसूळ हाडांवर लाथ बसली, तर मात्र मणका दबू शकतो. म्हणून वयस्कर माणसांवर हा प्रयोग कधीही करू नये.

पूर्वी डॉक्टरही कंबरदुखीला दोन-तीन आठवड्यांची सक्त विश्रांती सांगत. आता ते शास्त्र बदलले आहे. १९८६ साली अमेरिकेत एका अभ्यासात काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितले. दोघांनाही बरे वाटायला सारखाच वेळ लागला. फक्त सात दिवसवाल्यांचे खाडे जास्त झाले. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर असाच अभ्यास झाला. त्यात झोपून राहणाऱ्यांपेक्षा आणि मुद्दाम व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, जमेल तेवढी रोजची कामे चालू ठेवणारे लवकर बरे झाले. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून दूरदर्शनवरून ‘कंबर दुखते म्हणून झोपून राहू नका’ असा प्रचार केला. तेव्हा तिथे कंबरदुखीसाठी होणारे भरपाईचे दावे कमी झाले.

तेव्हा उसण भरल्यावर करायचे ते एवढेच. पहिले एक-दोन दिवस फार दुखत असेल तर आराम करा, पण दर तासाला उठून घरातल्या घरात चार पावले टाका. उताणे झोपून गुडघ्यांखाली उशी घेतली किंवा कुशीवर झोपून दोन गुडघ्यांत उशी ठेवली की बरे वाटते. गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटे शेका. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर आणि मोजके दिवसच घ्या. तिसऱ्या दिवसापासून थोडे दुखले तरी हळूहळू कामाला लागा.

‘गॅप’चा बागुलबुवा

‘डॉक्टर, माझ्या मणक्यात गॅप आलाय,’ हे वाक्य मी आठवड्यातून अनेकदा ऐकतो. कोणीतरी एक्स-रे किंवा एमआरआय पाहून हा शब्द उच्चारलेला असतो आणि तो रुग्णाच्या मनात घर करून बसतो. मग तो वाकत नाही, वजन उचलत नाही, जमिनीवर बसत नाही, गाडीतून पडल्यासारखा जपून चालतो. वर्षभरात पाठीचे स्नायू इतके दुबळे होतात की खरोखरच बादलीभर पाण्यानेही कंबर धरते.

गंमत अशी की रिपोर्टात बहुधा दोन मणक्यांमधले अंतर कमी झाल्याचे लिहिलेले असते. रुग्णाला मात्र वाटते की तिथे फट पडली आहे आणि कणा कधीही निखळेल. असे काही होत नसते. वय वाढते तसे गादीतले पाणी आटते, तिची उंची थोडी घटते, कडेला हाडाची बारीक टोके येतात. केस पिकावेत तसाच हा प्रकार.

हे सांगायला पुरावा आहे. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले. त्यांतल्या फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या गाद्या निर्दोष निघाल्या. निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी गादी फुगलेली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची बेरीज मांडली गेली. कसलाही त्रास नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांची झीज झालेली होती. ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्के होते.

म्हणून नुसत्या कंबरदुखीसाठी पहिल्याच आठवड्यात एमआरआयचा आग्रह धरू नये. पुढे दिलेल्या धोक्याच्या खुणा असतील, किंवा पायातली कळ सहा आठवड्यांनंतरही हटत नसेल आणि शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तर तो जरूर करावा. बाकीच्यांच्या हाती रिपोर्टापेक्षा काळजीच जास्त लागते.

पायात उतरणारी कळ

कधी कधी गादीची कडी फाटून आतला मऊ भाग मागे सरकतो आणि नसेवर दाब येतो. मग कंबरेपेक्षा पायच जास्त दुखतो. कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीतून पावलापर्यंत विजेसारखी कळ जाते, मुंग्या येतात, खोकल्यावर-शिंकल्यावर ती वाढते. हीच सायटिका. सरकलेली गादी हे या कळेचे कारण असते, ही गोष्ट १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी दाखवून दिली. बहुतेक वेळा ही गडबड कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत होते, कारण शरीराचा सर्वांत जास्त भार तिथे येतो.

‘गादी सरकली’ म्हटले की लोकांना ऑपरेशन दिसू लागते. पण सरकलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते आणि बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. २००७ साली नेदरलँडमध्ये २८३ रुग्णांवर अभ्यास झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर मिळाला. पण वर्षअखेरीस शस्त्रक्रिया केलेले आणि थांबून पाहिलेले, दोन्ही गट सारखेच बरे होते. म्हणजे वेदना सोसवत असेल आणि पायातील ताकद शाबूत असेल, तर वाट पाहायला हरकत नाही. ताकद कमी होऊ लागली तर मात्र वाट पाहू नये.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

लेखातला हा भाग कापून घरात लावून ठेवावा, अशी माझी वाचकांना विनंती आहे.

१) लघवी अडणे, तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होणे. कण्याच्या खालच्या टोकाशी असलेला नसांचा झुबका दाबला गेल्याची ही खूण आहे. ही तातडीची बाब आहे. उद्यापर्यंत थांबू नका. रात्र असली तरी मोठे रुग्णालय गाठा. उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच याची खात्री देता येत नाही.

२) पायातली ताकद कमी होणे. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, पाऊल फरफटते, टाचेवर किंवा चवड्यावर उभे राहता येत नाही, जिना चढताना गुडघा दगा देतो.

३) संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणे, वजन घटणे आणि रात्री झोपमोड करणारे दुखणे.

४) पूर्वी कर्करोग झालेला असणे. स्तन, फुप्फुस आणि पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग मणक्यात पसरू शकतो.

५) पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे. पन्नाशी उलटलेल्या स्त्रिया आणि दम्यासाठी वा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांना त्यासाठी मोठा अपघातही लागत नाही. एसटीच्या मागच्या सीटवर बसलेले असताना गाडी खड्ड्यात आदळली तरी ठिसूळ मणका दबतो. उंची कमी होणे, पाठीला पोक येणे ही त्याची पुढची लक्षणे.

६) विशी-तिशीतल्या तरुणाची कंबर पहाटे दुखून जाग येणे, सकाळी अर्धा तास ते तासभर पाठ लाकडासारखी ताठ राहणे आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होणे. आरामाने वाढणारे आणि हालचालीने कमी होणारे हे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले, तर तो कण्याचा एक प्रकारचा संधिवात असू शकतो. डॉक्टर त्याला अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. वेळेवर औषध मिळाले नाही तर मणके जुळून पाठ कायमची ताठ होऊ शकते. अशा तरुणाने संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.

मणक्याचा क्षय विसरू नका

तिसऱ्या खुणेविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या भागात ती महत्त्वाची आहे. क्षय फक्त फुप्फुसाला होतो असे पुष्कळांना वाटते. खोकला नसला तरी क्षय मणक्यात घर करू शकतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ साली त्याचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर त्याला पॉट्स डिसीज म्हणतात.

दिव्याकडे राहणाऱ्या तिशीतल्या एका बाईंची हकीकत नमुन्यादाखल सांगण्यासारखी आहे. आठ महिने त्यांची पाठ दुखत होती. कोणी गॅप सांगितला, कोणी अशक्तपणा. मालिश झाले, पट्टा झाला, कॅल्शियम झाले. वजन सहा किलोने उतरले तेव्हा घरचे म्हणाले, कामाची दगदग. संध्याकाळी अंग कोमट लागते हे त्यांनी स्वतःहून कोणाला सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. माझ्याकडे आल्या तेव्हा भिंत धरून चालत होत्या. एमआरआयमध्ये दोन मणके पोखरलेले आणि नसांवर पुवाचा दाब दिसला. तुकडा काढून केलेल्या तपासणीत क्षय निघाला. वर्षभर नेमाने औषधे घेतल्यावर त्या चालत्या झाल्या. पण त्या आठ महिन्यांत पाठीला आलेला पोक राहिला तो राहिलाच.

मणक्याच्या क्षयावर हमखास औषध आहे. प्रत्येकाला ऑपरेशन लागते असेही नाही. वाराणसीचे डॉ. सुरेंद्र मोहन तुली यांनी १९७५ साली दाखवून दिले की औषधे चालू करून, गरज पडेल त्याचीच शस्त्रक्रिया केली तरी बहुसंख्य रुग्ण बरे होतात. ‘मधला मार्ग’ या नावाने ती पद्धत जगभर ओळखली जाते. औषधे साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त घ्यावी लागतात आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडायची नसतात. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा ठाण्याचे जिल्हा रुग्णालय यांपैकी जवळ असेल तिथे चौकशी करावी. तापासह पाठदुखी चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर क्षयाची शंका घ्यायलाच हवी.

लोकल, पाणी आणि ओझे

आता प्रतिबंधाकडे वळू. ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ साली आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. तेव्हापासून इथल्या माणसाची पाठ आणि रेल्वे यांचे नाते जुळले आहे. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ५४ किलोमीटर, डोंबिवलीहून सुमारे ४८. म्हणजे जाऊन-येऊन रोज अडीच-तीन तास गाडीत जातात.

उभ्याने प्रवास करताना सगळा भार एका पायावर टाकून, एका हाताने कडीला लोंबकळत राहू नका. पावले थोडी फाकवा, गुडघे किंचित सैल ठेवा आणि दर स्टेशनला भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्या. खांद्याला एका बाजूला लटकणाऱ्या जड पिशवीपेक्षा दोन पट्ट्यांची सॅक बरी. गर्दीत ती पुढे घ्यावी म्हणजे सहप्रवाशांचेही शिव्याशाप लागत नाहीत. सॅकमधली रोज लागत नसलेली वस्तू घरी ठेवा. चौथ्या सीटवर अर्धा कुल्ला टेकवून, कंबर पिळून कल्याणपर्यंत बसण्यापेक्षा मधून मधून उठून उभे राहिलेले चांगले. बसायला ऐसपैस मिळाले तर पाठ मागे टेकवा. पुढे झुकून मोबाईलमध्ये मान घालून बसू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. नळाला पाणी पहाटे येते आणि अंथरुणातून उठल्या उठल्या बायका बादल्या-हंडे उचलायला लागतात. रात्रभर आडवे झोपल्याने गाद्यांनी पाणी शोषलेले असते आणि त्या टम्म फुगलेल्या असतात. सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर जास्त भरते ती यामुळेच. अशा वेळी वाकण्याचा ताण गादीला जास्त बसतो. उठल्यावर आधी दहा-पंधरा मिनिटे चाला, हातपाय मोकळे करा, मगच बादलीला हात घाला.

उचलण्याचा हिशेबही समजून घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची बादली पंधरा किलोची. कण्यामागचे स्नायू कण्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटर अंतरावरून ओढ देतात. ही बादली कण्यापासून ५० सेंटीमीटर लांब धरली, तर तोल सांभाळायला स्नायूंना दहापट, म्हणजे दीडशे किलोच्या जोराने ओढावे लागते. तीच बादली २५ सेंटीमीटरवर आणली की हा जोर पाऊणशे किलोवर येतो. वाकलेल्या धडाचे वजन त्यात धरलेलेच नाही. म्हणून वजन अंगाजवळ घ्या, गुडघे वाकवा, उचलता उचलता कंबर पिळू नका. एक भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत न्या. शक्य असेल तिथे पाइप लावा. आणि घरातल्या पुरुषांनीही एक-दोन खेपा कराव्यात. तेही उत्तम प्रतिबंधक औषध आहे.

बाजार समितीतले हमाल-माथाडी पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतात. त्यांनी ती दोघांनी मिळून उचलून पाठीवर घ्यावी आणि वळताना कमरेत न पिळता पावले टाकून वळावे. तंबाखू-विडीनेही गाद्यांचे पोषण घटते, हे या बांधवांनी विशेष लक्षात घ्यावे. शाळकरी मुलांच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा महाराष्ट्र शासनाचा २०१५ चा निर्णय आहे. तीस किलोच्या मुलाच्या पाठीवर तीन किलो पुरे. घरातल्या वजनकाट्यावर एकदा दप्तर ठेवून पाहा.

२०२० नंतर अनेकांचे ऑफिस घरात आले आणि पलंगावर मांडी घालून लॅपटॉप चालवण्याची सवय लागली. टेबल-खुर्ची वापरा, पडदा डोळ्यांसमोर येईल असा उंच करा, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा. कितीही चांगली खुर्ची असली तरी दर अर्ध्या तासाला उठून उभे राहा.

व्यायाम कोणते करावेत?

सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा व्यायाम चालण्याचा. २०२४ साली ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सर्व जण कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले होते. ज्यांना मार्गदर्शन देऊन हळूहळू चालणे वाढवायला सांगितले, त्यांची कंबर पुन्हा दुखायला सरासरी २०८ दिवस लागले; बाकीच्यांची ११२ दिवसांतच दुखली. त्यांचे उद्दिष्ट आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्याचे होते. आपल्याकडे स्टेशनपर्यंत रिक्षाने जाणाऱ्याने ती सोडली तरी यातले निम्मे काम होते.

त्याच्या जोडीला घरी दहा मिनिटे पुढील प्रकार करावेत : हातापायांवर ओणवे होऊन पाठ वर-खाली करण्याचे मार्जारासन, उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलण्याचे सेतुबंधासन, एकेक गुडघा छातीशी घेणे, पालथे झोपून कोपरांवर छाती उचलणे. प्रत्येक प्रकार सावकाश पाच ते दहा वेळा, श्वास न कोंडता. ठाण्याला घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर यांच्यासारख्या योग शिकवणाऱ्या जुन्या संस्था आहेत. जाणकाराच्या नजरेखाली शिकलेले केव्हाही चांगले.

एक खूणगाठ बांधा. व्यायामाने पायातली कळ वर, कंबरेकडे सरकली तर व्यायाम मानवतो आहे. ती खाली, पावलाकडे जाऊ लागली तर तो प्रकार लगेच थांबवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पट्टा बांधावा का?* कायम बांधू नये. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पट्टे, वजन लावून कंबर ताणणे यांसारखे उपचार सरसकट वापरू नयेत असे सांगितले आहे. व्यायाम आणि नीट समजावून दिलेली माहिती यांची मात्र शिफारस आहे.

*जमिनीवर झोपावे का?* गरज नाही. स्पेनमधल्या २००३ च्या अभ्यासात फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने जास्त आराम पडला. झोळीसारखी खोलगट झालेली गादी मात्र बदलावी.

*सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे कंबर दुखते का?* सुईच्या जागी काही दिवस दुखू शकते. वर्षानुवर्षे राहणाऱ्या कंबरदुखीशी त्या इंजेक्शनचा संबंध आढळलेला नाही. बाळंतपणात सैल झालेले पोटाचे स्नायू, बाळाला सतत कडेवर घेणे, वाकून पाजणे आणि अपुरी झोप ही खरी कारणे. त्यासाठी व्यायाम हाच उपाय. तसेच अंगावरून पांढरे जाण्यानेच कंबर दुखते असे समजून वर्षानुवर्षे टॉनिक घेत बसू नये. आणि नुसत्या कंबरदुखीसाठी गर्भाशय काढण्याचा निर्णय तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय कधीच करू नये.

*गोळ्या किती दिवस घ्याव्यात?* औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने तर मुळीच नाही. वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होतात, मूत्रपिंडांना इजा होते आणि रक्तदाब वाढतो. मधुमेही आणि वृद्धांनी विशेष जपावे.

थोडक्यात सांगायचे तर, कंबर दुखली की आधी धोक्याच्या सहा खुणा तपासा. एकही नसेल तर घाबरू नका, ‘गॅप’ डोक्यातून काढून टाका आणि हळूहळू हिंडू-फिरू लागा. एकही असेल तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.